बिनतारी जाळ्याची कुळकथा

आजकाल अनेक घरांत, दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी किंवा एखाद्या फडताळावर, एक चपटी पेटी ठेवलेली आढळते. तिला दोन-तीन काड्या असतात आणि एक इवलासा दिवा लुकलुकत असतो. वीज गेली की घरातील मुले प्रथम या पेटीकडे पाहतात, पंख्याकडे नंतर. या पेटीला आपण राउटर म्हणतो आणि तिच्यामुळे घरभर जे अदृश्य जाळे पसरते त्याला वाय-फाय. शास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर हे बिनतारी स्थानिक जाळे होय. घर, कचेरी, महाविद्यालय किंवा रेल्वेस्थानक एवढ्या मर्यादित जागेतील संगणक आणि दूरध्वनी तारेवाचून एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी ही व्यवस्था आहे.

वस्तू नवी आहे. पण तिचे कूळ जुने आहे. कोणत्याही बिनतारी व्यवस्थेला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. निरोप हवेतून पाठवावयाचा कसा, हा पहिला प्रश्न. एकाच वेळी अनेकांना बोलावयाचे असेल तर पाळी कशी लावावयाची, हा दुसरा. आणि बोलण्याची मुळात परवानगी कोणाला, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञांनी दिली. तिसऱ्याचे उत्तर देण्यास मात्र इतिहास घडावा लागला. तो इतिहास सांगण्यास जबलपूरसारखे दुसरे ठिकाण नाही.

नर्मदेच्या काठचे हे शहर मराठी माणसाला परके नाही. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग यांची गाठ याच शहरात पडली आणि देशाची दोन टोके आगगाडीने जोडली गेली. रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब चालत होते. त्या काळी संदेश म्हणजे तार आणि तार म्हणजे सरकार. १८८५ च्या तारायंत्र कायद्याने तर तारा उभारण्याचा व चालविण्याचा एकाधिकार सरकारकडेच राखून ठेवला होता. ज्याच्या हाती तार त्याच्या हाती वार्ता, असा तो सरळ हिशेब होता. खांब उपटला किंवा तार तोडली की संवाद तुटे; म्हणून तारेवर पहारा ठेवणे सोपे होते.

हवेवर पहारा कसा ठेवावयाचा? हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे फार लवकर उभा राहिला. जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. तळ्यात खडा टाकला असता जसे तरंग उठतात, तसे विद्युत्‌प्रवाहाच्या जलद आंदोलनाने अवकाशात तरंग उठतात आणि ते प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातात. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून या लहरी भिंतीपलीकडे पाठविल्या, तेथे घंटा वाजविली आणि दारू पेटवून दाखविली. बोस यांच्या लहरी अत्यंत आखूड होत्या. काहींची लांबी अवघी ५ मिलिमीटर होती. विशेष असे की, २०१२ च्या सुमारास अतिशीघ्र बिनतारी जाळ्यासाठी जे नवे मानक आले, तेही याच लांबीच्या लहरींवर चालते. कलकत्त्याच्या त्या प्रयोगशाळेत जे बी पडले ते शंभरांहून अधिक वर्षांनी असेही उगवले.

पुढे मार्कोनी यांनी लांब लहरींचा मार्ग धरून समुद्रापार संदेश नेले. महाराष्ट्रालाही या उद्योगात स्थान मिळाले. पुण्याजवळ खडकी येथे प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथे ग्रहण केंद्र उभारून १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी दळणवळण सुरू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईस नियमित नभोवाणी सुरू झाली. हवेतून आवाज येऊ लागला तशी कायद्याची पावलेही उमटली. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. साधा रेडिओ ऐकावयाचा तरी वर्षाला शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. टपाल कचेरीत जाऊन ते पुस्तक नवे करून आणणे हा अनेक घरांतील वार्षिक कुळाचार होता. १९८० च्या दशकात तो परवाना रद्द झाला तेव्हा कित्येक वृद्धांना चुकल्यासारखे वाटले असेल!

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पाळीच्या प्रश्नाकडे वळू. कारण त्याचे शिक्षण जबलपुरात हजारो तरुणांना मिळाले. भारतीय सैन्यातील सिग्नल दलाची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ रोजी झाली. पहिल्या महायुद्धानंतर या दलाचे शिक्षण केंद्र जबलपूरला आले. दुसऱ्या महायुद्धात दळणवळणाची गरज अनेक पटींनी वाढली आणि खेड्यापाड्यांतील मुले येथे मोर्स लिपीची टिकटिक आणि बिनतारी संच शिकू लागली.

सैन्याच्या बिनतारी जाळ्यात अनेक केंद्रे एकाच लहरीवर असतात. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे फुकट जाते; ऐकणाऱ्याला केवळ खरखर ऐकू येते. म्हणून शिस्त अशी की, बोलण्यापूर्वी ऐकावे. कोणी बोलत असेल तर थांबावे. आपली पाळी आली की थोडक्यात बोलावे, बोलणे संपल्याची खूण म्हणून 'ओव्हर' म्हणावे आणि समोरच्याने निरोप पोहोचल्याची पावती द्यावी. पावती न आल्यास निरोप पुन्हा पाठवावा. श्रोतेहो, हे चार नियम ध्यानात ठेवा. आपल्या फडताळावरची ती पेटी याहून निराळे काही करीत नाही.

परंतु ज्यांना ऐकावयास शिकविले त्यांच्या कानांवर पहारा ठेवता येत नाही. १९४२ च्या आंदोलनात मुंबईस उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवीत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांनी तो तगविला. १९३३ च्या कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा होता. देशाच्या दृष्टीने तो आवाज होता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौसैनिकांचा उठाव झाला तो मुंबईच्या 'तलवार' या केंद्रात, आणि 'तलवार' ही नाविकांना संदेशवहन शिकविणारी शाळाच होती. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २७ फेब्रुवारीस, जबलपूरच्या सिग्नल शिक्षण केंद्रातील जवान बराकी सोडून शहरात निघाले. त्यांच्या हाती काँग्रेसचे आणि मुस्लिम लीगचे, असे दोन्ही झेंडे होते. वेतनातील भेद, अन्न, वागणूक आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले यांचा क्षोभ त्यांच्या मनात साचला होता. सुमारे सतराशे जवान या उठावात सामील झाले. मार्चच्या आरंभी तो शमविण्यात आला. अनेकांना शिक्षा झाल्या, कित्येकांची नोकरी गेली. मुंबईच्या नौसैनिकांचे नाव इतिहासाने लक्षात ठेवले. जबलपूरच्या या जवानांचे फारसे ठेवले नाही. पाळी पाळावी, हे त्यांना शिकविले होते. आपली पाळी कधीच येऊ नये अशी व्यवस्था असेल तर काय करावे, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जबलपूरने आणखी एक पाऊल टाकले. दूरसंचार खात्याचे शिक्षण केंद्र तेथे १९४२ मध्येच आले होते. आज ते डॉ. भीमराव आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. जुलै १९४७ मध्ये तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले आणि दूरसंचार हा विषय पदवीसाठी शिकविणाऱ्या देशातील आद्य संस्थांमध्ये त्याची गणना झाली. सैनिकाची विद्या अशा रीतीने नागरिकाची झाली.

यानंतरचा प्रवेश दूर प्रशांत महासागरात घडतो. हवाई बेटांवरील विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर होत्या आणि मुख्य संगणक एकच. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. त्यांनी मोठी गंमत केली. पाळीच ठेवली नाही! ज्याला निरोप पाठवावयाचा त्याने तो पाठवून मोकळे व्हावे. पावती आली तर उत्तम. न आली तर निरोप दुसऱ्या कोणाच्या निरोपावर आदळला असे समजून, काही काळ यदृच्छेने थांबून, पुन्हा पाठवावा. या पद्धतीत लहरीचा जास्तीत जास्त सुमारे १८ टक्केच भाग कामी येतो, असे गणिताने निघाले. उरलेला गोंधळात आणि शांततेत वाया जातो. पण कोणत्याही नियंत्रकावाचून अनेकांनी एक लहर वाटून घेता येते, हे सिद्ध झाले. त्या १९७१ सालीच फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यात आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे आपले भूकेंद्र सुरू झाले होते. एकाच वर्षी एक टोक आकाशाला भिडले आणि दुसरे खोलीतल्या हवेकडे वळले.

अलोहाच्या मोकळेपणास 'आधी ऐकावे' हा जुना नियम जोडला की आजचे जाळे तयार होते. त्याचे काम असे चालते. बाहेरून येणारी तार राउटरपर्यंत येते. तेथून पुढे तार नाही. आपल्या पत्राचे किंवा चित्राचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी हवेचा कानोसा घेते. शांतता असेल तर क्षणभर थांबते आणि तुकडा पाठविते. गलबला असेल तर तो संपेपर्यंत वाट पाहते आणि मग मनातल्या मनात एक फासा टाकते. जेवढे दान पडेल तेवढे अतिसूक्ष्म क्षण थांबून बोलते. सर्वांचे दान सारखे पडण्याचा संभव थोडा, म्हणून टक्करही क्वचित. निरोप पोहोचला की तत्काळ पावती येते. हा सारा व्यवहार सेकंदाला शेकडो वेळा घडतो आणि आपल्याला त्याची चाहूलही लागत नाही.

यातील लहर २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आंदोलनांची असते. तिची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, वीतभरालाही कमी. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. त्याची लहर साधारण ६ सेंटिमीटरची. आखूड लहर अधिक माहिती वाहते, पण भिंतीने लवकर थकते. म्हणूनच जाड दगडी भिंतींच्या वाड्यात माजघरापर्यंत आलेले वाय-फाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडते. पेटीची शक्तीही थोडीच, एका वॉटच्या दशांशाच्या घरातली. तिचा आवाज दूर जात नाही हा दोष नव्हे. त्यामुळेच पलीकडच्या गल्लीतल्या पेटीला तीच लहर पुन्हा वापरता येते.

खोलीत मात्र एक निराळीच अडचण होती. लहर भिंतींवर, कपाटांवर, छतावर आपटून परतते आणि मूळ निरोपावर त्याचेच प्रतिध्वनी चढतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी यावर उपाय काढला. निरोपाचा एक जोरदार ओघ पाठविण्याऐवजी त्याच्या अनेक मंद धारा शेजारशेजारच्या कंपनसंख्यांवर एकदम सोडावयाच्या, म्हणजे प्रतिध्वनीने बिघडणारा भाग अल्प राहतो. ओसुलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. कृष्णविवरांच्या स्फोटातून येणारे क्षीण संकेत शोधताना हाती आलेले गणित त्यांना येथे उपयोगी पडले. १९९७ मध्ये या जाळ्याचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो ११ आणि ५४ मेगाबिटपर्यंत चढला आणि वाय-फाय हे नावही त्याच सुमारास रूढ झाले. आजच्या मानकांचा कमाल वेग त्या पहिल्या वेगाच्या हजारो पट आहे.

आता तिसरा प्रश्न उरला, आणि तोच खरा कळीचा. हे सारे शास्त्र हाती असूनही परवाना लागत असता, तर घरोघरी ही पेटी आली असती काय? १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखलेले काही पट्टे संदेशवहनालाही परवान्याविना खुले केले. त्या पट्ट्यांत अन्न शिजविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाट असल्याने त्यांना फारशी किंमत नव्हती. ज्या जमिनीत पीक येत नाही ती गावकीला सोडावी तसा हा प्रकार. पण त्या पडीक रानातच आजच्या वाय-फायचे पीक आले.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवान्याविना वापरण्यास मोकळा झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील विस्तृत पट्टे. १९३३ मध्ये जे यंत्र नुसते जवळ बाळगणे गुन्हा होते, त्याच जातीचे यंत्र आता वाण्याच्या दुकानातही बिनदिक्कत चालू लागले. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला.

या मोकळीकीची फळे डोळ्यांसमोर आहेत. इमारत न फोडता, भिंतीत नळ्या न घालता संपूर्ण महाविद्यालय जोडता येते. रुग्णालयात रुग्णाच्या खाटेशीच त्याची नोंद डॉक्टरांना पाहता येते. एका जोडणीवर चार भावंडांचा अभ्यास होतो. महासाथीच्या काळात याचे मोल आपण सर्वांनी जाणले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर प्रवाशांसाठी ही सोय सुरू झाली आणि २०२१ पर्यंत देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ती पोहोचली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजनेला मान्यता दिली. तीनुसार लहान दुकानदारही परवान्याविना आपल्या दुकानातून जाळे पुरवू शकतो. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील खेड्यांत, तार नेणे जेथे कठीण, तेथे बिनतारी दुवे उभारून ग्राममार्ग हा प्रयोग केला.

तथापि मोकळे रान म्हणजे बेबंद रान नव्हे. गावाचे गायरान सर्वांचे असते. पण कोणी शंभर म्हशी सोडल्या तर गायरान उरत नाही. मोकळ्या पट्ट्याचेही तीन रिवाज आहेत. शक्ती मर्यादेत ठेवावी; दुसऱ्याला त्रास देऊ नये; आणि दुसऱ्याचा त्रास झाल्यास तक्रारीचा हक्क सांगू नये. शिवाय हवेतला निरोप कोणीही ऐकू शकतो, म्हणून तो गुप्तलिपीत पाठवावा लागतो. दाराला कुलूप लावावे तसा पेटीला सांकेतिक शब्द लावणे हे घरधन्याचे कर्तव्यच आहे. आणि कोठे मौन पाळावे, हेही कळले पाहिजे. आर्वीपासून जवळच, नारायणगावानजीक खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातून येणारी कुजबुज ती ऐकते. माणसाच्या यंत्रांचा रेडिओ-कोलाहल तेथे कमी, म्हणून ती जागा निवडली गेली. आकाश ऐकता ऐकता ज्या विद्येने आपल्याला हे जाळे दिले, तिच्यासाठी थोडी शांतता राखणे हे ऋण फेडणेच होय.

जबलपूरच्या बराकीतून १९४६ मध्ये जे जवान बाहेर पडले, त्यांना ही पेटी ठाऊक नव्हती. पण तिचे नियम त्यांना तोंडपाठ होते. आधी ऐकावे, थांबावे, थोडक्यात बोलावे, पावती द्यावी. त्यांच्या वाट्याला हे नियम आज्ञा म्हणून आले होते, आणि हवा मात्र दुसऱ्याच्या मालकीची होती. आज तेच नियम कोणा वरिष्ठाच्या हुकमावाचून शेजारशेजारची कोट्यवधी यंत्रे पाळतात, आणि हवेचा तो पट्टा कोणा एकाचा नाही. आपल्या देशात या पट्ट्याचे दार पुरते उघडण्यास १९३३ पासून २००५ पर्यंत बहात्तर वर्षे लागली. उघडलेले दार उघडे ठेवणे मात्र आता शास्त्रज्ञांच्या हाती तेवढे नाही, जेवढे ते आपल्या वागण्यावर आहे.